बडोद्याच्या दिवाणी वकिलांना एका निवृत्त बेलिफाचं खुलं पत्र

बडोद्यात दिवाणी वकिली करणाऱ्या सर्व मंडळींना सप्रेम नमस्कार.

मी कोर्टात बेलिफ होतो, आता निवृत्त आहे. समन्स, नोटिसा, जप्त्या आणि मुख्य म्हणजे ताब्याची वॉरंटं (जागा खाली करून ताबा द्यायचे कोर्टाचे हुकूम) यांतच नोकरी गेली. कुठल्या कोर्टात होतो ते लिहीत नाही, कारण पुढे ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे ती माणसं हयात आहेत आणि त्यांतली काही तुमच्याच बाररूममध्ये रोज चहा पितात. बिननावाचं पत्र म्हणजे निनावी अर्ज, आणि निनावी अर्ज फाडून टाकायचा असतो, हे मला माहीत आहे. वाचून मग फाडा.

दरखास्त, म्हणजे कोर्टाचा निकाल अमलात आणण्यासाठीचा अर्ज, रखडली की कोर्टाला नावं ठेवतात, पोलिसांना ठेवतात आणि हलक्या आवाजात बेलिफाला ठेवतात, 'पैसे खाल्ले असतील'. त्या शेवटच्या आरोपात कधीमधी तथ्य असतं, मी नाकारत नाही. पण वकिलाचं नाव कोणी घेत नाही. माझा अनुभव असा की वॉरंट बजावल्याशिवाय परत येतं ते पुष्कळदा दाव्याच्या पहिल्या पानामुळे, आणि एखादं कुटुंब सामानसुमानासकट रस्त्यावर येतं ते त्यांच्या वकिलाने वेळेवर खरं न सांगितल्यामुळे. वादीचा वकील असो की प्रतिवादीचा, हुकूमनाम्यावर (दाव्याचा निकाल देणाऱ्या कोर्टाच्या हुकमावर) सही झाली की त्याच्या दृष्टीने प्रकरण संपलेलं असतं. दारात कोणीतरी जायचं आहे, हे फक्त नाझरांना (आम्हा बेलिफांचे वरचे अधिकारी) आणि आम्हाला आठवतं.

१८७२ साली प्रिव्ही कौन्सिलने दरभंगा राजच्या एका प्रकरणात म्हटलं होतं की हिंदुस्थानातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात. ते वाक्य तुमच्या युक्तिवादांत येतं, वरच्या कोर्टांच्या निकालांत येतं, सेवानिवृत्तीच्या भाषणांतही येतं. दीडशे वर्षं आपण ते म्हणतोच आहोत. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पेरियाम्मल प्रकरणात सगळ्या उच्च न्यायालयांना तुंबलेल्या दरखास्तींचे आकडे गोळा करून त्या सहा महिन्यांत निकाली काढायची व्यवस्था करायला सांगितलं. ऑक्टोबरमध्ये हिशेब आला तेव्हा देशभरात ८ लाख ८२ हजारांहून जास्त दरखास्ती अजून पडून होत्या. त्यातल्या किती कोर्टामुळे आणि किती वकिलांमुळे, हे कोणी मोजलेलं नाही. मोजणारही नाही.

आधी वादीच्या वकिलांशी बोलतो.

दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश ७, नियम ३ तुम्हाला मी सांगायला नको. स्थावर मिळकतीचा दावा असेल तर ती मिळकत ओळखू येईल असं वर्णन दाव्यात हवं, आणि चतुःसीमा किंवा सर्व्हे नंबर असतील तर तेही हवेत. आता तुमच्या ऑफिसात काय होतं ते सांगतो. अशील जुनं खरेदीखत घेऊन येतो. त्यातल्या चतुःसीमांवर पेन्सिलीने खूण करून कागद टायपिस्टकडे जातो. खरेदीखत अशिलाच्या आजोबांच्या वेळचं. पूर्वेस सार्वजनिक रस्ता, पश्चिमेस अमक्याचं घर, उत्तरेस वहिवाटीची वाट, दक्षिणेस लिहून देणाऱ्याची इतर मिळकत. प्रत्यक्षात अमक्याचं घर पाडून तिथे फ्लॅट झालेले असतात, वाट बुजवून कोणीतरी न्हाणीघर बांधलेलं असतं, आणि 'इतर मिळकत' तीन भावांत वाटली जाऊन त्यातल्या एकाने विकलेलीही असते. दाव्यात ते सगळं आजोबांच्या काळातलंच राहतं. प्रतिवादी कैफियतीत, म्हणजे लेखी उत्तरात, मोघम 'वर्णन नाकबूल' लिहितो, त्यावर वादाचा मुद्दा निघत नाही, आणि तेच वर्णन हुकूमनाम्यात, हुकूमनाम्यातून वॉरंटात आणि वॉरंटातून माझ्या हातात येतं.

एका वाड्याची गोष्ट सांगतो. जुन्या वस्तीतला, पुढे ओटा, आत चौक, वर मेडी. हुकूमनाम्यात लिहिलेलं 'मेडीवरील दोन खोल्या व लगतचा जिना'. वर गेलो तर खोल्या तीन. मध्ये फळ्यांचं पार्टिशन. भाडेकरू म्हणाला, माझ्याकडे कडेच्या दोन, मधली काकांची. काका म्हणजे मालकाचे चुलते, दाव्यात त्यांचं नावही नाही. मालक म्हणाला, खोल्या दोनच, पार्टिशन यानेच ठोकलं. नकाशा विचारला तर दाव्याला जोडलेलाच नव्हता. फोटो नाही. चावीवाला पेटी उघडून बसलेला, हमाल खाली टेम्पोत झोपलेले, दोन महिला पोलीस जिन्यात उभ्या आणि दोन्ही पंच एकमेकांकडे बघतायत. फळ्या मोजल्या, भिंती मोजल्या. त्याचा उपयोग शून्य, कारण हुकूमनाम्यात मापच नव्हतं, ताडायचं कशाशी? मधल्या खोलीला काकांचं कुलूप होतं. ते तोडलं असतं तर काकांनी माझ्यावर फिर्याद ठोकली असती, आणि ती बरोबर असती. 'वर्णनाप्रमाणे मिळकत ओळखता येत नाही' असा शेरा लिहिला, सह्या घेतल्या, वॉरंट परत. दुसऱ्या दिवशी वादीचे वकील नाझरांच्या टेबलापुढे उभे राहून सांगत होते की बेलिफ फितला.

त्या वकिलांच्या ज्युनिअरने दावा दाखल करण्याआधी मीटरची टेप घेऊन अर्धी सकाळ तिथे घालवली असती, तर हे झालं नसतं. सिटी सर्व्हेचं ताजं प्रॉपर्टी कार्ड, हाताने काढलेला का होईना पण मापं असलेला नकाशा, चार फोटो. एवढंच. वादग्रस्त असेल तर आदेश २६, नियम ९ खाली कमिशन, म्हणजे कोर्टाच्या माणसाकडून जागेची पाहणी, मागा. एप्रिल २०२१ च्या राहुल शाह निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंच आहे की ताब्याच्या दाव्यात मिळकतीचं वर्णन आणि सद्यस्थिती नक्की करण्यासाठी कोर्ट कमिशनर नेमू शकतं, आणि हुकूमनामा असा असावा की त्यावरून मिळकत नेमकी कळावी. निकाल येऊन वर्षं झाली. दावे मात्र अजून खरेदीखतातूनच टाइप होतात.

दुसरी गोष्ट, तिसरा माणूस. आदेश २१, नियम ३५ प्रमाणे बेलिफाला अधिकार मिळतो तो हुकूमनाम्याने बांधलेल्या माणसाला बाहेर काढण्याचा. तो दार उघडत नसेल तर कुलूप काढता येतं, कडी काढता येते, दारही फोडता येतं. आधी वाजवी सूचना द्यायची, आणि आत पडदानशीन स्त्रिया असतील तर त्यांना निघून जायला सवड द्यायची. पण दारातला माणूस म्हणाला की मी प्रतिवादीचा कोणी नाही, माझा स्वतंत्र हक्क आहे, तर बेलिफाने थांबायचं. तो खरं बोलतोय की खोटं, हे ठरवायला मला नेमलेलं नाही. मी अडथळा लिहून आणायचा, तुम्ही ३० दिवसांच्या मुदतीत नियम ९७ खाली अर्ज करायचा, आणि कोर्टाने नियम १०१ प्रमाणे त्याचा हक्क त्याच दरखास्तीत ठरवायचा, वेगळ्या दाव्याला धाडायचं नाही. १९९७ च्या ब्रह्मदेव चौधरी निकालाने हेही स्पष्ट केलं की अशा माणसाचं म्हणणं त्याला काढण्याआधी ऐकायचं. आधी काढा, मग ऐकू, असं चालत नाही.

हे सगळं तुम्हाला तोंडपाठ. तरी दारात येऊन 'भाऊसाहेब, तोडा कुलूप, पुढचं मी बघतो' म्हणणारे तुम्हीच. तुम्ही काय बघणार? खात्याची चौकशी बेलिफाची होते.

आणि हा तिसरा माणूस काही आभाळातून पडत नाही. पोटभाडेकरू, विधवा वहिनी, दुकानाचा गल्ला सांभाळणारा भागीदार, दावा लावला तेव्हाही तो तिथेच राहत होता. गल्लीतल्या इस्त्रीवाल्याला विचारलं असतं तरी कळलं असतं. पण त्याला पक्षकार केलं की समन्स वाढतात, तारखा वाढतात, म्हणून अशीलही म्हणतो नको आणि तुम्हीही म्हणता नको. पेरियाम्मल प्रकरण १९८६ च्या दाव्यातलं. तिथेही हुकूमनामा पक्का झाल्यावर आम्ही कुळं आहोत म्हणत लोक पुढे आले आणि वर्षानुवर्षं गेली. राहुल शाह निकालात उपाय दिलेला आहे: दाव्याच्या सुरुवातीलाच आदेश १० खाली पक्षकारांना कोर्टासमोर विचारायचं की या मिळकतीत आणखी कोणाचा हितसंबंध आहे का. विचारलं आणि प्रतिवादीने 'नाही' सांगितलं, की पुढे तो नवा माणूस उभा करू शकत नाही. केलाच तर त्याचं नाटक दोन तारखांत उघडं पडतं. हा अर्ज एका पानाचा आहे. वादीच्या वकिलाने तो दिल्याचं मी फार क्वचित पाहिलं.

आता शेऱ्यांबद्दल, कारण हे घरातलं गुपित आहे आणि ते तुम्हाला सांगायला मला आता कोणाची परवानगी लागत नाही. वॉरंटावर ते कोणत्या तारखेपर्यंत बजावायचं आणि कधीपर्यंत परत करायचं हे लिहिलेलं असतं. बजावलं नाही तर बेलिफ कारण लिहितो. 'घर बंद.' 'प्रतिवादी मिळून आला नाही.' 'बंदोबस्त मिळाला नाही.' 'वादी हजर नाही.' या चार शेऱ्यांवर एखादं वॉरंट वर्षानुवर्षं ये-जा करू शकतं. आदेश २१, नियम २५ चं दुसरं पोटकलम उघडा. बेलिफाने 'बजावता आलं नाही' असा शेरा मारला, तर कोर्टाने त्याला त्याबद्दल तपासायचं, वाटलं तर साक्षीदार बोलवायचे आणि निष्कर्ष नोंदवायचा. 'तपासू शकेल' असं नाही, तपासायचंच. मला साहेबांनी बोलावून विचारलं असं फारच थोड्या वेळा घडलं, आणि तेही कोणा वकिलाने अर्ज दिला म्हणून नाही. तुम्ही शेरा वाचता, कपाळाला हात लावता आणि नवं वॉरंट मागता. एकदा त्या नियमाखाली अर्ज द्या. खोटा शेरा मारणारा बेलिफ पुन्हा तुमच्या प्रकरणात तसं करणार नाही, आणि खरा शेरा मारणाऱ्याची अडचण साहेबांना निदान कळेल. 'घर बंद' हा तर शेराच होऊ नये. दरखास्तीतच कुलूप तोडण्याचा आणि पोलीस बंदोबस्ताचा हुकूम मागून ठेवा. नंतर वेगळे अर्ज दिले की प्रत्येक अर्जाला वेगळी तारीख, त्यावर प्रतिवादीचं म्हणणं, आणि तेवढ्यात घरात नवा माणूस.

बंदोबस्ताचंही एक गणित आहे. बडोद्यात गणपती बसले की विसर्जनापर्यंत पोलीस स्टेशन तुमचं पत्र ठेवून घेतं. मग नवरात्र, आणि बडोद्याचं नवरात्र म्हणजे काय ते सांगायला नको. मग दिवाळीची कोर्टाची सुट्टी. मध्ये निवडणूक आली तर बोलायलाच नको. तरी दरवर्षी ऑगस्टअखेरीस वकील घाईघाईने वॉरंट काढून आणतात आणि सप्टेंबरात ते परत येतं. उत्तरायण उलटल्यापासून होळीपर्यंतचे दिवस धरा, पोलिसांना पत्र आधी पोहोचवा, आणि घरात बायका असतील तर महिला पोलीस हवेत हे पत्रात लिहा. पूर्वी कोर्ट जुन्या शहरातल्या न्यायमंदिर इमारतीत होतं तेव्हा बेलिफ तिथून निघून रावपुरा, मांडवी, दांडिया बाजार पायी करायचा आणि वाटेत चौकीवर आठवण करून द्यायचा. २०१८ मध्ये कोर्ट दिवाळीपुऱ्याला गेलं. इमारत चांगली झाली, लिफ्ट आहे, पण शहरातल्या वॉरंटाला आता अख्खा दिवस लागतो. असो.

प्रतिवादीच्या वकिलांशी मला जास्त बोलायचं आहे.

एका सकाळी ताब्याचं वॉरंट घेऊन गेलो. भाडेकरूची बाई घरगुती पापड करून विकायची. मेडीवर चादरी अंथरून पापड वाळत घातलेले, खाली परातीत आणखी पीठ मळून ठेवलेलं. मी कागद दाखवला. तिने घाबरून नाही, अगदी सहज सांगितलं, आमचा स्टे आहे, वकिलांचा मेसेज आहे बघा. मोबाईल पुढे केला. मेसेज होता: 'अपील दाखल केलं आहे, काळजी नको.' मी म्हटलं, वहिनी, स्टेचा हुकूम दाखवा, मी आत्ता परत जातो. तिने वकिलांना फोन लावला. वाजत राहिला. नवऱ्याला बोलावलं, त्याने लावला. वाजत राहिला. मी आमच्याकडून चौकशी केली. अपील नंबराला आलेलं, म्हणजे नुसतं नोंदलेलं, स्टे नव्हताच, अर्जावर पुढची तारीख होती.

वादीचे वकील घड्याळ बघत उभे. माझ्या हातात काही नव्हतं. सामान उतरवायला सुरुवात झाली. पंचनाम्यात वस्तूंची यादी करावी लागते. लोखंडी कपाट एक, गॅस सिलिंडर दोन, देव्हारा देवांसहित एक. पापडांपाशी पंच थांबले, हे कसं लिहायचं? मी लिहिलं: 'पापड, ओले, चादरीसह.' बाई ते वाचून पहिल्यांदा रडली. मळलेलं पीठ शेजारणीने आपल्या घरात नेलं. वकिलांचा फोन दुपारी आला, तेव्हा दाराला नवं कुलूप लागलेलं होतं आणि ताबापावतीवर वादीची सही झालेली होती.

आदेश ४१, नियम ५ तुम्हाला ठाऊक आहे: नुसतं अपील केल्याने हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही, तसा हुकूम लागतो. तुमच्या अशिलाला ते ठाऊक नसतं. त्याच्या दृष्टीने 'अपील केलं' म्हणजे 'वाचलो'. ही गैरसमजूत दूर करायला एक वाक्य पुरतं. ते सांगितलं जात नाही, कारण ते सांगितलं की अशील विचारतो, मग फी कसली घेतली?

तसंच स्टे मिळाला तरी तो फुकट नसतो, हेही सांगत नाही. डिसेंबर २००४ च्या आत्माराम प्रॉपर्टीज निकालानंतर अपील कोर्ट स्टे देताना बाजारभावाने वापराची भरपाई भरायची अट घालू शकतं. आजोबांपासून चालत आलेलं नाममात्र भाडं भरणाऱ्या माणसावर एकदम हजारोंचा बोजा येतो, तो भरता येत नाही, आणि स्टे आपोआप संपतो. मी त्याच्या घरी गेल्यावर तो मला म्हणतो, वकिलांनी तर जिंकलो म्हणून पेढे मागवले होते.

हरणार हे दिसत असेल तर मुदत मागा. घर खाली करण्याचं हमीपत्र देऊन सहा महिने, वर्ष मिळालेली कुटुंबं मी पाहिली आहेत. तेवढ्यात दुसरी खोली बघून होते, पापडांची गिऱ्हाइकं सांभाळता येतात. हमीपत्र मोडलं तर अवमान होतो, हेही त्याच वेळी सांगा. पण मुदत मागणं म्हणजे हार कबूल करणं, आणि आपल्याकडे शेवटच्या मिनिटापर्यंत हार कबूल करायची नाही हीच शर्थ समजली जाते. ही शर्थ खेळतो वकील, आणि घर जातं अशिलाचं.

आणखी एक. १९४७ च्या भाडे कायद्यात कलम १७ आहे. मालकाने स्वतःच्या गरजेसाठी म्हणून ताबा घेतला आणि महिन्याच्या आत तो तिथे राहायला गेला नाही, किंवा वर्षाच्या आत जागा दुसऱ्याला भाड्याने दिली, तर मूळ भाडेकरू कोर्टाकडे परत ताबा मागू शकतो. त्याला मुदत असते. अशाच एका प्रकरणात ताबा देऊन महिने लोटले तरी त्या खोल्यांना तेच कुलूप लटकलेलं मी येता-जाता बघायचो. भाडेकरूला भेटून विचारलं, वकिलांनी काही सांगितलं का? नाही म्हणाला. प्रकरण संपलं होतं ना.

बायका-मुलांना दारात बसवायचा सल्ला देणाऱ्यांबद्दल फार लिहीत नाही. आदेश २१, नियम ९८ प्रमाणे सबळ कारण नसताना अडथळा करणाऱ्याला कोर्ट ३० दिवसांपर्यंत दिवाणी कैदेत ठेवू शकतं. सल्ला देणाऱ्याला नाही ठेवत.

निवृत्तीनंतरही लोक माझ्याकडे कागद घेऊन येतात आणि त्यांतले निम्मे कागद कोर्टाचे नसतातच. बँकेची २००२ च्या सरफेसी कायद्याखालची ६० दिवसांची नोटीस असते. तिथे दिवाणी कोर्टाचा संबंध नाही. बँक ताबा घेण्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे जाते आणि कर्जदाराने ४५ दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणात जायचं असतं. नाहीतर महापालिकेची नोटीस असते. पाडापाडीबद्दल १३ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या नियमांप्रमाणे निदान १५ दिवस आधी नोटीस हवी, पण रस्ता, फूटपाथ किंवा नदीकाठावरच्या बांधकामाला आणि जिथे कोर्टाचाच हुकूम आहे तिथे ते लागू नाही. तिन्हींच्या वाटा वेगळ्या, मुदती वेगळ्या. माणूस मात्र तिन्ही कागद घेऊन त्याच एका वकिलाकडे जातो, आणि तो वकील सवयीने मनाई हुकमाचा दावा ठोकतो. दावा कामकाजात येईपर्यंत ४५ दिवस गेलेले असतात. ज्याच्याकडे हे काम जमत नाही त्याने दुसऱ्याकडे पाठवावं, त्यात कमीपणा कसला?

तुम्ही म्हणाल, बेलिफाने वकिलांना वकिली शिकवू नये. बरोबर आहे. मी दिवाणी कायदा शिकलो तो नाझरांच्या कपाटातल्या मॅन्युअलमधून आणि लोकांच्या उंबऱ्यांवर उभं राहून. तुमच्याइतकी कलमं मला येत नाहीत. पण मी जिथे उभा राहिलो तिथे तुमच्यातले फार थोडे कधी आले, आणि जे आले ते बहुतेक गाडीतच बसून राहिले.

तुमच्या संघटनेकडे माझी एक मागणी आहे. नव्या सनदवाल्यांना पहिल्या वर्षी एकदा तरी ताब्याच्या वॉरंटाबरोबर पाठवा. वादीचा असो, प्रतिवादीचा असो. त्याने काही बोलू नये, पंचनाम्यावर सही करू नये, फक्त चतुःसीमा वाचून घर दाखवावं आणि यादी लिहून होईपर्यंत थांबावं. मग त्याने लिहिलेला पुढचा दावा मला आणून दाखवा. आणि प्रतिवादीचं वकीलपत्र घेणाऱ्यांनी एवढं करावं: निकालाच्या दिवशी अशिलाला बसवून त्याच्या भाषेत, गुजराती असेल तर गुजरातीत, मराठी असेल तर मराठीत, एका कागदावर लिहून द्यावं की अपिलाची शेवटची तारीख कोणती, स्टे मिळाला आहे की नाही, आणि तो नसेल तर बेलिफ कधीही येऊ शकतो. सही घ्या, एक प्रत स्वतःकडे ठेवा. पुढे तोच अशील तुमच्याविरुद्ध तक्रार करायला निघाला तर तो कागद तुमच्याच कामाला येईल.

आपला,
एक निवृत्त बेलिफ
बडोदा

ता. क. हुकूमनामा झालाच आहे आणि आता वर्णनात चूक दिसते आहे, असं असेल तर वॉरंट काढू नका. लिहिण्याची किंवा हिशेबाची चूक असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली आधी दुरुस्ती करून घ्या आणि मग दरखास्तीला नकाशा जोडा. ताब्याच्या हुकूमनाम्याला १२ वर्षं मुदत आहे, दुरुस्तीच्या दोन तारखांनी ती बुडत नाही. मात्र हुकूमनाम्याला दोन वर्षं उलटून गेली असतील तर आदेश २१, नियम २२ ची नोटीस लागते, ती बजावायलाही आमचाच माणूस येतो. त्याच्याबरोबर कोणाला तरी घर दाखवायला पाठवा.